दम धर

सप्टेंबरात फ्रेस्नोत बदाम झाडतात.
यंत्र खोडाला मिठी मारतं, गदागदा हलवतं,
आणि उठलेली धूळ आठवडाभर खाली बसत नाही.
शाळाही नुकत्याच उघडलेल्या.
म्हणजे आमच्या इमर्जन्सीत रात्री अकरानंतर
खुर्च्या कमी पडतात.

माझ्या ट्रॉलीवर दोन नेब्युलायझर.
एक जुनं: फुस्स करून सुटलं की थांबत नाही.
पोर श्वास घेवो, सोडो, रडो, मान फिरवो,
ते आपलं धुकं ओततच राहतं.
निम्मं औषध पडद्याला, छताला, माझ्या चष्म्याला.
दुसरं नवं: पोरानं ओढलं तरच उघडतं.
हिरवं बटण खाली जातं, टक्क.
श्वास सोडला की गप्प. थेंब सांडत नाही,
पळीनं मोजून तेल घालणाऱ्या बाईसारखं.

यातलं कोणतं बरं, हे ठरवायला
डॉक्टर नालबंदियान यांनी लिफाफे केलेत,
बंद, राखाडी, एकसारखे. फोडायचा मी.
आत एक अक्षर. निघेल ते यंत्र.
माझ्या मताला इथे किंमत नाही
आणि तेच बरोबर आहे, असं मी
दर लिफाफ्याला स्वतःला सांगते.

दोन वाजता यारेली आली. सहा वर्षांची,
आईच्या कडेवर न मावणारी.
आई, एउफेमिया, मळ्यातून थेट; भुवयांत धूळ.
फोनवरचा दुभाषा संमतीचा कागद स्पॅनिशमध्ये वाचत होता.
घरी ती वेगळंच काही बोलते; स्पॅनिश तिनंही शिकलेली,
जशी मी इंग्रजी.
ती मान हलवत होती, कागदाकडे न बघता,
लेकीच्या गळ्याखालच्या खळगीकडे बघत,
जी दर श्वासाला आत जात होती,
आतून कुणी दोरी ओढावी तशी.

लिफाफा फोडला. नवं.

टक्क.
टक्क.
मग काही नाही.
श्वास इतके उथळ की झडप उघडेना.
स्टेथोस्कोप लावला: मघाची शिट्टी गेलेली.
नवख्याला वाटतं, उतार पडला.
छाती गप्प झाली म्हणजे
वाऱ्याला शिट्टी वाजवायलाही वाट उरलेली नाही.

मी डॉक्टरांना हाक मारली, आणि ते येईपर्यंत
हिरव्या बटणावर अंगठा ठेवला.
हातानं दाबायची सोय आहे त्याला,
तक्त्यात मात्र रकाना नाही.
बरगड्या वर आल्या, दाबलं. खाली गेल्या, सोडलं.
तिच्या कानाशी मी मराठीतच म्हणाले, दम धर गं,
आणि जीभ चावली.
आपण सगळं एकाच शब्दात कोंबून ठेवलंय:
थांबणं, थकणं, धमकावणं, विसावणं, हा आजारसुद्धा.
तिला तर धरायचा नव्हता. धरलेलाच होता तो,
सुटत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, अभ्यास राहू दे, जुनं लाव, सतत.
शिरेतून मॅग्नेशियम.
जुनं फुस्स करून सुटलं. कुणाला विचारलं नाही त्यानं,
कोण ओढतंय, कोण नाही. सगळ्यांवर ओतलं.

यावरून काही सिद्ध होत नाही.
मागच्या गुरुवारी पाओ नावाच्या पोरानं
नव्या यंत्रावर निम्म्या वेळात घर गाठलं होतं.

पावणेचारला शिट्टी परत आली,
दोन्ही बाजूंनी, बेसूर, फाटकी.
मी स्टेथोस्कोप आईच्या कानाला लावला.
तिला वाटलं, वाईट काही ऐकवतेय. तिचा चेहरा पडला.
दुभाष्याला परत फोन लावेपर्यंत
मी नुसतीच हसत उभी, वेड्यासारखी.

फॉर्मवर लिहिलं: वगळले. कारण:
पुढे दोन ओळींची जागा.
एउफेमियानं सही करून पेन परत दिलं
तेव्हा तिचा हात थरथरत होता.
माझाही. काळजीनं नव्हे फक्त;
मुलांच्या या औषधानं हात कापतात.
रात्रभर जे वाया गेलं म्हणून मी मोजत होते
ते आम्ही दोघी ओढत बसलो होतो.