शेऱ्याचा रकाना

तीन दिवस मी या खडकाआड पालथी.
खाली झरा. झरा कसला, ओंजळभर चिखल,
कडेला मिठाची खरकटी रेघ.
गोबीतलं हे पाणी माझी जीभ सोलतं.
त्यांना चालतं.

पहिल्या रात्री आला उड्या उंदीर,
दोन कान, त्यांना पुरवणीसारखं शरीर.
माझ्या बुटाची नाडी कुरतडून पाहिली,
नापसंत. दोन उड्यांत गडप.
वहीत त्याच्यासाठी रकाना नाही;
समासात लिहिला.

दुसऱ्या दिवशी नुसता वारा.
झागच्या झुडपाबुडी एक सरडा
शेपटीचं टोक गुंडाळत, उलगडत
कुणाला तरी बोलावत होता. कुणी आलं नाही.

आज पहाटे वारा फिरला, आणि आले.
आधी धूळ. मग धुळीलाच पाय फुटले.
सात. नाही, आठ.
लहान टोकदार वशिंडं, मधे ऐसपैस जागा,
गुडघ्यांना घट्टे नाहीत:
ओझं लादायला कुणी कधी बसवलंच नाही.
मानी खाली घालून प्यायले. एक नर तेवढा
वाऱ्याचा धागा न् धागा हुंगत उभा.

आठवीनं तोंड वर केलं
आणि दुर्बिणीत दिसली तिच्या नाकातली लाकडी खुंटी,
डोकं किंचित वाकडं. बाबांनी तासलेली.

खोंगोर.

तीन हिवाळ्यांमागे माजावरचा एक रानटी नर
आमच्या दारातून तिला घेऊन गेला.
आई अजून सकाळी आभाळाला दूध शिंपडते
तेव्हा चार थेंब तिच्या नावाचे टाकते.

तिच्या पोटाशी पिल्लू.
वशिंडं धड अशीही नाहीत, तशीही नाहीत.
गुडघे कोरे.

नियम साधा आहे. संकर दिसला की नोंद,
नोंद झाली की शहरातून गाडी.
मला पटतो नियम. मीच तो इतरांना समजावते:
उरलेत किती, सगळे मिळून हजारही नाहीत.

पिल्लानं खाऱ्या पाण्याला ओठ लावले,
फुरफुरलं, तोंड वेडंवाकडं केलं,
पुन्हा लावले.

मग नरानं मान वळवली, थेट माझ्याकडे,
आणि क्षणात झऱ्यावर कुणी नव्हतं,
फक्त खुरांच्या खळग्यांत पाणी सावकाश भरत होतं.

लिहिलं: मोठे आठ. पिल्लू एक.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल टेकलेली.
खालून दामदिनची मोटरसायकल फटफटत येतेय,
गरम चहा घेऊन. विचारेल, काय काय दिसलं, आत्या?
आधी त्याला
उड्या उंदराचं सांगीन.