शून्याचा रकाना

रविवारी साडेपाचला मी स्कूटी काढते,
चाचांना मागे बसवते.
इलाही मुलाणी, प्रयोगशाळा परिचर, निवृत्त.
मायणीच्या शाळेत सर रजेवर असले की
बेडकाचं हृदय आम्हाला तेच दाखवायचे.

येरळेचं पाणी उतरलंय.
भाद्रपदात होडी होती तिथे आता गाळ,
गाळात शेकाटे, लाल काड्यांवर,
कुणी कर्कटक उघडून रोवून ठेवावेत तसे.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीची.
तोवर दुर्बीण माझ्याकडे, वही माझ्याकडे,
कान त्यांचे.
"तुतवार," म्हणतात, मला दिसायच्या आधी.
"दोन. नाही, तीन. तिसरा मागं राहिलाय."

थवा उडाला की मी गडबडते.
बांधावरून मेंढरं हाकत बाळाई हाके हसते,
"अगं, उडत्याली कशी मोजतीस?"
दहाची एक मूठ कर, चाचा सांगतात,
मग मुठी मोज.
चक्रवाक अकरा. थापटे सात मुठी आणि चार.
टिटव्या मोजायच्या नाहीत,
त्याच आपल्याला मोजतात.

शेवटचा रकाना रोहितांचा.
पानं मागे उलटत गेलं तर सहा हिवाळे
त्यांच्या बारीक अक्षरात: ०, ०, ०.
एकदा मी तिथे आडवी रेघ मारली,
तर खोडरबर मागितलं त्यांनी.
"रेघ म्हणजे आपण आलोच नाही.
शून्य म्हणजे आलो, बघितलं,
आणि नव्हते."

आज पलीकडच्या काठाला, पंपाच्या पाइपाशी
गुलाबी.
भिंगावर माझाच श्वास आला.
"चाचा, आहे. एकच आहे, पण आहे."
ते दगडावरून उठले नाहीत.
"हलतंय?"
"हो."
"पाण्यापरमाणं, का वाऱ्यापरमाणं?"

मी बराच वेळ बघत राहिले.
पवनचक्क्यांच्या मागून ऊन आलं.
बाभळीला गुंतलेल्या ओढणीचं
एक टोक सुटलं, पुन्हा गुंतलं.

"वाऱ्याप्रमाणे."

ते काही बोलले नाहीत.
थर्मासचं झाकण सदऱ्याला पुसून
चहा आधी मला दिला.
दहाला दुकान उघडायचं, झेरॉक्सची शाई संपलीय,
असलं काहीतरी मी बोलत राहिले
आणि शून्य काढलं.
जरा मोठंच झालं,
चक्रवाकांच्या अकराला घासून गेलं.

चाचांनी वही नाकाशी धरली,
तिरकी केली, उजेडाकडे वळवली.
"रकान्यात बसव," म्हणाले.