गिटारमधलं बदक

लग्नात वाजवतो मी, फेस्ताला, वाढदिवसाला,
सीझनमध्ये रेडीच्या एका रिसॉर्टवर आठवड्यातून तीनदा.
घरी, पायरीवर बसून, गिटार गिटारसारखी वाजते.
वायर खुपसली की
आत कुणीतरी बदक पाळलंय.

पेडल घेतलं. दुसरं घेतलं.
कोल्हापूरहून केबल मागवली, अंगठ्याएवढी जाड.
बदक महागडं झालं, एवढंच.

शेवटी वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेलो, गिरपांकडे.
निळ्या ताडपत्रीखाली बसून
ते ट्रॉलरचे फिशफाइंडर दुरुस्त करतात.
डावा कान इंजिनांनी केव्हाच नेलाय,
उजव्याला सांगावं लागतं दोनदा.
मी म्हटलं, माझं काम माशांचं नाही.
मी म्हटलं, माझं काम माशांचं नाही!
"हाड रे," म्हणाले, "ठेय हय."

पेचकसाची मूठ दातांत धरली,
टोक टेकवलं ब्रिजशेजारी, लाकडावर.
"वाजय."
मी जाडी तार छेडली.
त्यांनी डोळे मिटले,
तार पूर्ण विझेपर्यंत उघडले नाहीत.
"लाकूड बरा आसा. कान वायट आसा."
मला वाटलं, स्वतःबद्दल बोलतायत.

तारा सैल केल्या, सॅडल उपसली,
खाली निघाली एक काळी पट्टी, सुतळीएवढी.
"ह्यो तिचो कान. आमच्या मशिनीत ह्येचोच भाव आसा.
तो हाक मारता आनि ऐकता.
ह्यो गरीब, नुसतो ऐकता."
म्हणजे एकाच घराण्याचे दोघे:
एक वीस वाव पाण्याखाली
बांगड्यांच्या थव्याची चाहूल घेत,
एक माझ्या सहा तारांखाली चेंगरून
ओरडत.

सॅडल खिडकीच्या काचेवर उभी धरली.
बी तारेच्या जागी, खालून,
केसाएवढा उजेड.
सहा वर्षं ती तार मला मुकी वाटायची
आणि मी करंगळीला शिव्या घालायचो.
काचेवर पॉलिशपेपर, त्यावर सॅडल,
पुढे-मागे, पुढे-मागे, न दाबता.
पांढरी भुकटी त्यांच्या लुंगीवर.
मग आत, दाराशीच, एक चिमुकली पाटी बसवली,
नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारी.
अशा कानाचा आवाज अशक्त असतो म्हणे,
लांब वायरीत वाटेतच मान टाकतो,
उंबऱ्यावरच कुणी हाताला धरणारं लागतं.

लिलावाच्या शेडमधला स्पीकर मागून आणला.
पहिल्याच सुराला घोंऽऽऽ,
बर्फाच्या पेट्यांवरचे कावळे उडाले,
एक पापलेटवाली म्हणाली, "मेलो रे कोण?"
गिरपांनी मान हलवली, ऐकू आलं नव्हतं,
पण छातीत लागलं होतं.
जुन्या स्लीपरचा गोल कापला,
गिटारच्या तोंडात बसवला.
(माझ्या आईने हे पाहिलं असतं!)
स्पीकर माझ्याकडून वळवला.
"खालचो हुंकार काप. मधलो उतरय.
आणखी. आणखी. आता हात काढ."

हात काढला.

लाकूड आलं.
आधी लाकूड, मग तार,
अंगठ्याच्या नखाची कड,
बोट सरकताना पितळेची बारीक शीळ.
आणि सी वरून एफ वर जाताना
अर्धी मात्रा उशीर.
दर वेळी. अर्धी मात्रा.
इतकी वर्षं तो उशीर बदकाने झाकला होता.

पैसे विचारले. त्यांनी सोल्डरची तार गुंडाळली.
"आयतवारी मुणगेकाराच्या चेडवाच्या लग्नात
वाजवतलस मां? येतलंय."

आले. जेवले आधी.
मग स्टेजमागे, स्पीकरच्या पेटीला
पेचकस टेकवून, मूठ दातांत,
डोळे मिटून बसले स्टुलावर.
पुढे माणसं नाचत होती,
नवरदेवाचा मामा चुकीच्या तालावर टाळ्या वाजवत होता,
कुणाला काही कळलं नाही.
मी सी वरून एफ वर गेलो
आणि गिरपांनी
एक डोळा उघडला.