शिल्लक

शेवंता कुबल, वय त्रेपन्न, दांडी, मालवण.
केसपेपरवर एवढंच.
तळहातांवर मात्र रापणीच्या दोरांचे चर.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, वेळेत सापडलेला.
"पिशयी काढ, माका काय आता पोरां होवची नाय.
पण बाय, बाजारात चार-चार तास
धरून बसूचा लागता आमका.
तेवढां मातर बिघडव नको."

पुस्तकात याला एक परिच्छेद आहे.
माकडहाडाच्या वरच्या हाडाला भोकं असतात,
दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भोकातून
केसासारखे धागे निघतात,
वरून उतरणाऱ्या धाग्यांना मिळतात
आणि योनीच्या दोन्ही बाजूंना जाळं टाकून बसतात.
मूत्राशयाला, आतड्याला, सुखाला
निरोप तेच नेतात.
रंग पिवळट पांढरा.
चरबीचाही तोच.

सर म्हणायचे, कॅन्सर सगळा निघाला पाहिजे.
लघवीचं काय, नळी असते.

नळी असते.
नऊ वर्षांपूर्वी आचऱ्याच्या जैतुन होडेकरला
मी ती दिली, बरी झालीस म्हणून घरी पाठवलं.
बरी आहे ती. अजून येते.
पिशवीत नळी, जेलीची ट्यूब, स्वच्छ फडकं.
लग्नाकार्याला जात नाही.
मला एकदाही काही बोलली नाही.

आज शेवंता टेबलावर.
साकवाखालून व्हाळ जावा
तशी धमनीखालून मूत्रवाहिनी जाते.
तिला चिमट्याने डिवचलं
तर वळवळून सांगते, मी इथे आहे.
धागे सांगत नाहीत.
ते व्हाळाच्या कडेने, जरा खाली,
गप्प.

विजेची सुरी ठेवून दिली, तिची धग लांबूनही भाजते.
कात्री. बोथट टोक. थोडं पाणी.
खोलातली शीर बांधली, तिच्याखाली गेले नाही.
भूलवाल्या सामंतांनी दुसऱ्यांदा विचारलं, किती वेळ?
मी दांडीवर जाळं सांधताना पाहिलंय बायकांना,
फाटलेले आस सोडवायचे,
शेजारचे ओढायचे नाहीत.

डावीकडचं जाळं अख्खं राहिलं.
उजवीकडे गाठ फार जवळ होती.
तिथे दोन धागे दिले मी.
बघून, जाणून दिले.

सातव्या दिवशी सकाळी नळी काढली.
दुपार तशीच गेली.
खाली जेटीवर लिलाव सुरू झाला,
बांगड्याचा भाव पडल्याचं वॉर्डात सगळ्यांना कळलं,
तेव्हा ती भिंत धरून उठली.

दाराबाहेर मी,
अठरा वर्षांची सर्जन, कान लावून.
काहीच नाही.
मग थेंब. मग थांबलं.
मग
धार.

सोनोग्राफीत शिल्लक चाळीस मिलिलिटर.
"येवढां रवला आत?" तिने घाबरून विचारलं.
"रवांदे," मी म्हटलं,
"तेवढां चलता."

सोमवारी जैतुनची तारीख आहे.