किती आटे

पहाटे पावणेचारला बाबा जागे होतात,
निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी.
घोडपदेवच्या गल्लीत लोखंडी झाकणाखाली एक व्हॉल्व्ह आहे,
त्याचे आटे अजून त्यांच्या मनगटात:
उघडायला बावीस, बंद करायला तेवीस.
तेविसावा कशाला, मी लहानपणी विचारलं होतं.
"पाण्याची खात्री पटायला."

मी परळला एका प्रथिनाच्या मागे आहे.
ते स्वतः काही बांधत नाही, काही वाहून नेत नाही.
पेशीच्या कातडीवर कुणी टकटक करतं: वाढ.
निरोप हातोहात आत सरकतो,
प्रत्येक हात पुढच्याला फॉस्फेटचा टिळा लावतो,
शेवटचा टिळा लागला की हे उठतं,
केंद्रकात जातं,
जनुकाच्या जरा अलीकडे डीएनएत चावी बसवतं.
मग प्रती निघतात. पेशी फुगते, दोन होते.
आणि यानं तुटून जायचं असतं,
वीसेक मिनिटांत, गाजावाजा न करता.

नमुना एकशे चौदामध्ये ते तुटत नाही.
शिवडीची कुणी बाई, नाव आम्हाला देत नाहीत.
बाहेर टकटक नाही, आत चावी फिरलेलीच.
निरोगी पेशी शेजारणीचा खांदा लागला की थांबतात.
या एकमेकींच्या डोक्यावर चढतात.
फिरदोस म्हणाली, शुक्रवारी गुलाबी होतं गं हे पाणी,
रविवारी बघ, पिवळं. सगळं खाऊन बसल्यात.

जेवताना बाबांना सांगितलं.
भाकरीचा तुकडा हातातच राहिला.
"आटे झिजलेत. वर चावी फिरते, खाली काही बसत नाही.
माझगावात झालं होतं असं,
टेकडीवर घागर कोरडी, उतारावर घरात गुडघाभर.
उघडतं कुणीही. बंद करायचा पगार असतो."

हे मी प्रयोगवहीत लिहिलं नाही.
वहीत सात मात्रा आहेत.
सहांना ढिम्म.
सातवीला सगळ्याच मेल्या, निरोगी धरून.

आज पावणेचारला इनक्युबेटर उघडला,
सदतीस अंशांची वाफ चष्म्यावर, आणि फोन.
"बसला का?"
"नाही अजून."
"किती आटे झाले?"
मी थाळी उजेडात धरली, बोलले नाही.
पलीकडे आमच्या मोरीतला नळ खोकला,
आधी नुसती हवा, मग पाणी.
कुणीतरी दुसऱ्यानं वेळेवर उघडलं होतं.
बाबा फोन न ठेवताच
बादली सरकवायला गेले.