एल नंतर एकदम ओ

आत-बाशीच्या वर, जिथे रस्ता डांबर विसरतो,
तिथल्या शाळेत इंग्रजी शब्दकोश एकच होता
आणि त्यातला एम अख्खा, एन जवळजवळ अख्खा
बॉयलरवाल्या असानबेकनं एका जानेवारीत
ओला कोळसा पेटेना म्हणून जाळला होता.
विचारलं तर म्हणाला, एवढं जाड पुस्तक,
मधली पानं कोण वाचतं.

त्यामुळे बुरुलकान एजेंच्या वर्गातली पोरं
एलपर्यंत नीट चालत यायची
आणि ओढा ओलांडावा तशी थेट ओच्या काठावर उतरायची.
सातवीत कुणालाच 'मदर' येत नव्हतं.
'ऑक्टोपस' सगळ्यांना येत होतं.

एलचं शेवटचं पान 'लिंक्स'वर फाटलेलं :
रानमांजर. पाय लांब, शेपूट आखूड, कानांवर...
कानांवर काय, ते धूर होऊन गेलं होतं.
एजेंनी वर्गाला विचारलं.
मागच्या बाकावरून बेकतुर म्हणाला, केसांचे झुबके. काळे.
आजोबांनी मारलेल्याला हात लावून पाहिलाय मी.
एजेंनी ते तसंच लिहून घेतलं, खाली तारीख घातली.

मग जळलेली पानं पोरंच लिहू लागली
चौकटीच्या वहीत, आधी अर्थ, मागून वाक्य;
कारण एजे म्हणायच्या, वाक्याशिवाय शब्द
म्हणजे खोगिराशिवाय घोडा,
बसता येतं, पण लांब जाता येत नाही.

मेअर : घोडी. हिच्या दुधाचं किमिज होतं.
आमच्या मेअरला आयझिरेक आवडत नाही.
मनी : जे थोडा वेळ आपल्याकडे असतं.
मनी दुकानदाराला ओळखतं.
माउंटन : खिडकी.
इथे एजेंनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं, मग खोडलं.
नो : एजेंचा शब्द. वाक्याची गरज नाही.

वाचलेल्या पानाच्या माथ्यावर मात्र
एक वाक्य अर्धंच लटकत होतं, शब्द हरवलेलं :
'...अँड इट नेव्हर केम बॅक.'
परत कधी आलं नाही, एवढं कळत होतं.
काय आलं नाही?
आयझिरेक म्हणाली, नेकलेस. कुणी म्हणालं, नाइट.
नुरतिलेक उभा राहिला. म्हणाला, हा माणूस आहे.
त्याचे वडील दोन हिवाळे येकातेरिनबुर्गला
कुणाच्या तरी इमारतीच्या विटा रचत होते.
इट म्हणजे माणूस नव्हे रे, एजे म्हणाल्या.
आपल्यात तर सगळे 'आल'च, तो म्हणाला.
खरंच होतं ते. किरगिझमध्ये
बाप, गाय, मावशी, बर्फ, सगळ्यांना मिळून एक 'आल'.
तो, ती, ते अशा तीन खुंट्या ठोकून बसलेल्या आपल्याला
हे कळायला जरा वेळच लागतो.
एजेंनी वाद वाढवला नाही. पाच मार्क दिले,
म्हणजे तिकडचे पैकीच्या पैकी.

सोळा वर्षांनी बिश्केकच्या बाजारात
जुन्या स्वेटरांच्या ढिगाशेजारी
नुरतिलेकला तोच कोश दिसला, तसाच निळा, पण धडधाकट.
हातमोजा दातांनी ओढून त्यानं एनचा शेवट उघडला.
शब्द होता 'नट'. कठीण कवचाचं फळ.
खारीनं ते बर्फाखाली पुरलं,
अँड इट नेव्हर केम बॅक.

खार!
आणि वडील तर केव्हाच परत आलेले,
दोन दात कमी, रशियन शिव्या जास्त;
आता दिवसभर टीव्हीशी भांडतात.

त्यानं तिथूनच फोन लावला.
एजे, ती खार होती.
पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.
मग एजे म्हणाल्या,
खारच कशावरून? ते फळ असेल.
पुरलं, आणि वर आलंच नाही.
नीट वाच. अख्खं वाच.

तो पुन्हा वाचू लागला, ओठ हलवत, सातवीतल्यासारखा.
पुस्तकवाल्यानं पानावर पंजा ठेवला.
वाचायचंय, तर आधी तीनशे सोम.