घट

हरिपूरच्या वाटेवरलं सोसायटीचं गोदाम.
सत्तावीस पेट्या, दोन कपाटं,
आणि पुराच्या रेघेखाली
एकमेकींना चिकटून एकच झालेल्या नऊ वह्या.
मला सहा महिने मिळाले, एक संगणक,
आणि शब्द ठरवायचा अधिकार.

अधिकार तसा एवढुसाच:
हळद, हलद, हळदी माल, नुसतंच ‘ह.’
यांतला एक शब्द गादीवर बसवायचा
आणि बाकीच्यांपुढं लिहायचं, पाहा.
हलद, पाहा हळद.
हळकुंड तिच्या पोटात, एक बोट आत सरकवून.
जेठा गड्डा, सोरा, कणी, सगळी भावकी
ज्याच्या त्याच्या पायरीवर.
वरून आलेल्या नमुन्यात होतं
‘साठवण, भूमिगत’.
मी ते खोडलं. पेव लिहिलं.
सांगलीत राहून पेवाला आणखी काय म्हणायचं?

तारखेचा रकाना आकडेच घेतो.
वहीत लिहिलेलं: पाणी उतरल्यावर तिसरा दिवस.
त्यावर एक अख्खी दुपार गेली.

मग हजेरीपत्रकं.
सिदू. शिदबा. सि. रा. बंडगर. सिद्धाप्पा रामा.
चार हमाल,
आणि चौघं एका दिवशी कधीच कामावर नाहीत.
बिरनाळे आप्पांना विचारलं, जुने तोलार,
डोळ्यांत फूल पडलेलं, हिशेब पक्का.
“एकच की ओ त्यो.
मुकादमाचा सिदू, आमचा शिदबा,
आंगठा उठवताना सिद्धाप्पा.”
आणि मी पुढचं पान उलटायच्या आत:
“कंदील न सोडताच उतरला.
गाडी हुबी हुती. घाई हुती.
कंदील इझला तर माणूस उतरत न्हाई,
पर आधी कंदील तर सोडाय पायजे.”

पेव नंबर एक्केचाळीस.
मला ते पान सापडलं.
घट या रकान्यात, त्याच शाईनं, त्याच वळणानं:
पोती सव्वातीन, व इसम एक.

संगणक विषय मागतो. यादीतूनच निवडा म्हणतो.
यादीत चारशे बारा शब्द, समितीनं मंजूर केलेले.
घटीखाली ओल, कीड, उंदीर, चोरी.
सेक्रेटरी म्हणाले, बाई, घटच टाका,
मूळ वहीत तेच आहे, आपण कशाला बदला.
खरंच होतं त्यांचं. वही बदलायची नसते.
मी वही बदलली नाही.

चारशे तेरावा शब्द: कामावरील मृत्यू.
नव्या शब्दाला टीप लागते, कुठं वापरावा, कुठं नाही.
लिहिलं: माणसांसाठी. मालासाठी वापरू नये.
आणि घटीच्या टीपेत एक ओळ वाढवली,
मालासाठीच. माणसांसाठी वापरू नये.
सभेत कुणी वाचलं नाही. मंजूर झालं.

शेवटच्या आठवड्यात आप्पा आले, काठी दाराला टेकवून.
“हितं नाव टाकलं की त्यो येतोय व्हय?”
म्हटलं, नाव येतं.
एका बोटानं, अक्षर अक्षर हुडकत,
त्यांनी टाकलं: शिदबा.
मी पडदा वाचून दाखवला:
शिदबा, पाहा बंडगर, सिद्धाप्पा रामा.

आप्पा पडद्याच्या अगदी जवळ गेले,
फूल पडलेले डोळे बारीक करून.
“बघतोय की,” म्हणाले.